हातात किती आले?

२०२६ च्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन मी लॅपटॉप उघडला, तर ऑफिसचा मेल आलेला : चालू वर्षाच्या कराचा अंदाज तयार आहे, तपासून घ्या. एके काळी हा मेल आला की घरात धांदल उडायची. विम्याच्या पावत्या, मुलीच्या शाळेची फी, घरमालकाच्या सह्या घेतलेल्या भाडेपावत्या, त्यांवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. ते तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवायचं, मग दिवसभर तोंडात त्या डिंकाची चव. नव्या करपद्धतीत हे सगळं गेलं. कोणी पावती मागत नाही, कोणाला काही दाखवायचं नाही. त्यामुळे निवांतपणे मेल उघडला. वर नाव, पॅन. खाली ‘वार्षिक उत्पन्न : ७,२०,०००’. त्याखाली प्रमाणित वजावट ७५,०००. मग भरपूर रिकाम्या ओळी आणि शेवटी एका हिरव्या चौकटीत ‘देय कर : ०’. पोह्यातला शेवटचा शेंगदाणा खाल्ला आणि लॅपटॉप मिटून टाकला.

मिटला खरा, पण तो सात लाख वीस हजारांचा आकडा दिवसभर दातात अडकलेल्या कणासारखा टोचत राहिला.

कारण तो माझा नव्हता. म्हणजे माझाच, पण अर्धा. एक ऑक्टोबरला मी ही नोकरी धरली. महिना एक लाख वीस हजार, मार्चपर्यंत सहा महिने, झाले सात लाख वीस हजार. त्याआधी एप्रिल ते सप्टेंबर मी दुसरीकडे काम करत होतो, महिना एक लाखावर. ते सहा लाख या नव्या ऑफिसच्या संगणकाला ठाऊकच नव्हते. त्याच्या लेखी मी एक ऑक्टोबरला जन्मलो होतो, एक्केचाळीस वर्षांचा, पॅन कार्डासकट. आणि जुन्या ऑफिसनंही तसंच केलं होतं. तिथे वर्षाचे बारा लाख धरले होते. पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला त्या वर्षी कर नव्हता, तेव्हा कपात शून्य. दोघांचंही गणित आपापल्या जागी बिनचूक. कोणी लबाडी केली नाही, कोणी चुकलं नाही. फक्त दोघांनीही मला आपल्यापुरताच पाहिला होता, आणि दोघांनीही तीच बारा लाखांपर्यंतची सूट मला एकेकदा देऊन टाकली होती.

बेरीज करायला मिनिट पुरलं असतं. मी आठ दिवस लावले.

त्या आठ दिवसांचा मला अजून उलगडा होत नाही. करचुकवेगिरी करायची माझी छाती नाही. ट्रॅफिक सिग्नलला रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात उभा राहणारा माणूस मी. पण इथे काही करायचं नव्हतंच. फक्त गप्प राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मी ऑक्टोबरपासूनच गप्प होतो. नोकरीवर रुजू होताना जी चौदा-पंधरा पानं स्क्रीनवर एकामागून एक येतात, त्यात एक पान ‘आधीच्या नोकरीतलं उत्पन्न’ असं होतं. फॉर्म १२ ब. खाली दोन बटणं : ‘भरा’ आणि ‘पुढे जा’. त्या क्षणी माझ्याकडे जुन्या पगाराच्या सहाही पट्ट्या त्याच लॅपटॉपमध्ये, त्याच डेस्कटॉपवर होत्या. मी ‘पुढे जा’ दाबलं. नंतर भरू, असं म्हणालो. ऑक्टोबरचा पगार आला तेव्हा फोनवर आकडा दिसला : १,१८,०००. प्रॉव्हिडंट फंडाचे अठराशे आणि व्यवसाय कराचे दोनशे सोडले तर सगळाच्या सगळा. दिवाळी तोंडावर होती. तो आकडा बघून जे वाटलं, त्यात १२ ब कुठे आठवणार? किंवा असं म्हणू, आठवला होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

यात सगळ्यात हास्यास्पद गोष्ट अशी की मी हिशेबी माणूस म्हणून ओळखला जातो. मित्र मला विचारून एसआयपी सुरू करतात. माझ्या फोनमध्ये पैशाचं नियोजन करणारं एक ॲप आहे, ते बँकेचे मेसेज वाचून खर्चाचे रंगीत तुकडे करून दाखवतं. किराणा हिरवा, पेट्रोल करडं, बाहेरचं खाणं नारिंगी. शिवाय मी स्वतः बांधलेली एक एक्सेलची फाईल आहे, तिच्यात मुलीचं २०३८ मधलं कॉलेज आहे, महागाईचा दर आहे, माझी निवृत्ती आहे, मी वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी किती रुपये शिल्लक ठेवून मरणार तेही आहे. ऑक्टोबरनंतर त्या फाईलमधल्या सगळ्या रेषा टवटवीत वर गेल्या. बचतीचं प्रमाण एकेचाळीस टक्के. ॲपनं फुगे उडवून अभिनंदन केलं. २०३८ दिसणाऱ्या त्या यंत्राला येणारा मार्च मात्र दिसत नव्हता.

दोष त्याचा नाही. त्याला दिसतं ते बँकेत आलेलं. जे बँकेत येण्याआधीच कापलं गेलं, किंवा कापायला हवं होतं आणि कापलं गेलं नाही, ते त्याच्या जगात घडतच नाही.

हे लिहिताना अण्णांची वही डोळ्यांपुढे येतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात कारकून होते, छत्तीस वर्षं. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात मळीचा तो गोडूस, आंबूस वास असतो ना, तो त्यांच्या शर्टाला कायमचा. मी लहानपणी डबा द्यायला गेलो की ऊसबिलाच्या खिडकीशी रांग असायची. टोपी हातात घेऊन उभे असलेले लोक. बिलावर वर टनेज, दर, एकूण रक्कम. मग खाली कपाती : सोसायटीची वसुली, पाणीपट्टी, शेअरचा हप्ता, आणि ती प्रसिद्ध ‘बिनपरतीची ठेव’. ठेव म्हणायचं आणि परत मिळणार नाही हेही त्याच दमात सांगायचं, असा शब्द घडवणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करतो. रांगेतला प्रत्येक जण खिडकीत वाकून एकच प्रश्न विचारायचा : “हातात किती येत्यात?” वरचा आकडा कोणी वाचत नसे. अण्णांना याचा राग यायचा. घरी जेवताना म्हणायचे, “अरे, आधी एकूण बघा की. कापलेलं बघा. हातात आलेलं काय, ते हातातच हाय.”

त्यांची स्वतःची वही लाल कापडी पुठ्ठ्याची. दर महिन्याच्या एक तारखेला रात्री, जेवणं झाल्यावर, ती उघडायची. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. डावीकडे पहिली ओळ : ‘पगार (पूर्ण)’. कंसातला तो ‘पूर्ण’ ते दर महिन्याला लिहायचे, जणू कोणी शंका घेणार आहे. मग उजवीकडे सगळ्यात आधी कपाती : भविष्य निर्वाह निधी, पगारदार सोसायटीचा हप्ता, विमा, व्यवसाय कर. घरात न आलेले पैसेही आधी घरात आणायचे आणि मग बाहेर पाठवायचे. लहानपणी मला हा वेडेपणा वाटायचा. जे आलंच नाही ते जमा कशाला धरायचं? अण्णांचं उत्तर एकच : “पूर्ण जमा धर. कापलेलं खर्ची टाक. नाहीतर कोण काय घेऊन गेलं ते कळायचं नाही.” पुढे कॉमर्सला गेल्यावर कळलं, की ही काही अण्णांची लहर नव्हती, दुहेरी नोंदीची शिस्तच ती. पण मी कमवायला लागलो, ॲप घेतलं, आणि पहिल्याच दिवशी ‘उत्पन्न’ म्हणून बँकेत आलेला आकडा टाकला. हातात आलेला.

व्यवसाय करावरून आठवलं. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारातून महिन्याला दोनशे कापतात आणि फेब्रुवारीत तीनशे. अनेकांना दर फेब्रुवारीला वाटतं, ऑफिसची चूक झाली. चूक नाही. घटनेनं या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. दोनशेच्या बारा कपाती म्हणजे चोवीसशे, उरलेले शंभर फेब्रुवारीच्या गळ्यात. अण्णांच्या वेळी रक्कम कमी होती, पण कपात होतीच, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्या कपातींत त्यांना ही एकच मनापासून मान्य होती. कारण त्यांना ठाऊक होतं, हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी, बहात्तरच्या दुष्काळात, माझी आजी आटपाडीकडच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे. आजी संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी धूळ असायची, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीची गोष्टही. ती भाकरी थंड झाली की चामड्यासारखी व्हायची म्हणे. “तेवढे कापू देत,” ते म्हणायचे. “ते आईच्या खडीचं हाय.” हिशेबाच्या दृष्टीनं या वाक्याला अर्थ नाही. आजीला मजुरी मिळाली ती आधी आणि हा कर आला तो नंतर. पण अण्णांच्या वहीत तारखा अशा उलट्या लागत नसत.

त्यांना आयुष्यात एकाच कपातीनं झोप येऊ दिली नाही, ती मात्र पगारातली नव्हती. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांच्या मुदत ठेवी त्यांनी एका बँकेत ठेवल्या. व्याज वर्षाला बासष्ट हजारांच्या आसपास. एकूण उत्पन्न करपात्र नाही, तेव्हा दर एप्रिलला ते सायकलवर बँकेत जाऊन फॉर्म १५ एच भरून यायचे : माझ्यावर कर लागत नाही, कापू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते डेंग्यूनं अंथरुणाला खिळले आणि फॉर्म राहिला. ज्येष्ठांसाठी तेव्हा कपातीविना व्याजाची मर्यादा वर्षाला पन्नास हजारांची होती (२०२५ च्या एप्रिलपासून ती एक लाख झाली). जूनअखेर बँकेनं तिमाहीच्या साडेपंधरा हजार व्याजावर दहा टक्के, म्हणजे १,५५० रुपये कापले. मेसेज आला रात्री. सकाळी सहाला मला फोन. “न विचारता कापलं रं.” आवाज असा, की मला वाटलं घरात चोरी झाली. मी पुण्यात बसून त्यांना समजावत होतो, की पैसे बुडाले नाहीत, सरकारजमा झालेत, रिटर्न भरलं की परत येतील. त्यांना ते कळत होतं. हिशेबनिसाला मी काय सांगणार? पण त्यांचं दुखणं वेगळं होतं. “माझ्या वहीत त्याला जागा नव्हती,” ते म्हणाले. आयुष्यभर कपातीच लिहिणारा माणूस. त्याला कपातीचं वाईट वाटलं नव्हतं. आपल्याआधी दुसऱ्या कोणी तरी आपली ओळ लिहिली, याचं वाटलं होतं.

मग त्यांनी त्या १,५५० रुपयांना जागा केली. तसलमात.

हा शब्द आता कोणी वापरत नाही. कारखान्यात, कचेऱ्यांत असायचा. पैसे दिलेत पण अजून हिशेब लागलेला नाही, ना खर्च ना शिल्लक, मधेच लोंबकळतंय, ते तसलमात. अण्णांनी लिहिलं, ‘तसलमात – आयकर – १,५५०’. वर्षभर ती ओळ महिन्या-महिन्याला पुढच्या पानावर ओढत नेली. २०२३ च्या जुलैमध्ये मी सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांच्यासमोर बसून रिटर्न भरलं. ऑगस्टमध्ये पैसे आले, वर व्याजाचे चाळीसएक रुपये. त्यांनी लाल पेन घेऊन ती ओळ बंद केली आणि ते व्याज डावीकडे वेगळं जमा धरलं. चेहऱ्यावर समाधान असं, की दीड हजारात मी त्यांना ते एरवी देऊ शकलो नसतो.

पण ‘तसलमात’ हा शब्द मी त्याआधीही त्या वहीत पाहिला होता. दर महिन्याला, माझ्या शाळेच्या दिवसांत, उजव्या बाजूला तळाशी : ‘तसलमात – १५०’. नाव नाही, गाव नाही. आणि ही मात्र कधीच बंद न होणारी तसलमात. एकदा विचारलं तर म्हणाले, कारखान्यात असतं तसं. मी गप्प बसलो. उलगडा झाला तो वीस वर्षांनी, आत्याच्या नातीच्या लग्नात. आटपाडीची आत्या, लवकर विधवा झालेली, तीन पोरं पदरात. मांडवात बायकांमध्ये बसून पान लावता लावता ती हसत सांगत होती : “दादा म्हैन्याला दीडशे धाडायचा. म्हणायचा, वहिनीला सांगू नगं. आणि वहिनी धाडायची शंभर, मोटारीच्या कंडक्टरकडनं. ती म्हणायची, दादाला सांगू नगं. मी कशाला सांगू?” आई शेजारीच बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाली, डाळीच्या डब्यातले होते ते. अण्णा दोन खुर्च्यांपलीकडे. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते पंख्याकडे बघत होते.

त्या आठ दिवसांत मला ही आत्या सारखी आठवत होती. तिचं आणि माझं प्रकरण नेमकं एकच. देणारे दोघे, दोघांनाही वाटतंय आपण एकटेच, आणि बेरीज फक्त घेणाऱ्याला ठाऊक. फरक एवढाच, की आत्याच्या बेरजेवर तीन पोरं शिकली. तिला कोणी १२ ब मागितला असता तर अनर्थ झाला असता. पूर्ण जमा धरण्यात सगळं शहाणपण आहे असं अण्णांना वाटायचं, आणि त्यांच्याच घरात एक शंभराची नोट इतकी वर्षं त्यांच्या वहीला चुकवून एसटीनं जात होती. मी कोणाच्या बाजूचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याला हे सांगितलं तर तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तिथे नोकरी धरताना डब्ल्यू-४ नावाचा फॉर्म भरतात, त्यावरून ऑफिस पगारातून किती कर कापायचा ते ठरवतं. त्या फॉर्मच्या दुसऱ्या टप्प्यात एक बारीक चौकट आहे : नोकऱ्या दोन असतील, किंवा नवरा-बायको दोघं कमावत असतील, तर खूण करा. त्यानं केली नाही, वहिनीनंही केली नाही. दोघांच्या ऑफिसांनी आपापल्या परीनं गृहीत धरलं, की घरात मिळवतं माणूस हे एकच. दोन वेगळ्या इमारतींमधल्या दोन संगणकांनी एकाच संसाराला दोनदा सवलत दिली. मग एप्रिलच्या पंधरा तारखेआधी चार आकडी डॉलरचा चेक. “आम्ही दोघं एका घरात राहतो हे फक्त आम्हालाच ठाऊक होतं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “आणि तेही कधीकधी.”

आमच्या घरीही बायकोचं ॲप वेगळं, माझं वेगळं. कायद्यानं आमचा कर वेगवेगळा, त्यामुळे सरकारला त्याचं काही नाही. पण लग्नाला चौदा वर्षं झाली आणि आम्ही दोघांनी आपापल्या रंगीत तुकड्यांची बेरीज एकदाही एकत्र केलेली नाही. आठ दिवसांनी, सोमवारी रात्री मी तिला त्या हिरव्या चौकटीबद्दल सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, “मग आता?” मी म्हटलं, बघू. तिनं एक वाटी जरा जोरात ठेवली. “दिवाळीतच सांगायचंस ना. फ्रिज पुढच्या वर्षी घेतला असता.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते लागलं.

त्याच रात्री शेवटी बेरीज केली. सहा अधिक सात लाख वीस, तेरा लाख वीस हजार. वजावट जाऊन बारा लाख पंचेचाळीस हजार. म्हणजे बारा लाखांची रेघ पंचेचाळीस हजारांनी ओलांडलेली. स्लॅबनं कर होतो ६६,७५०, पण रेघ जरा ओलांडणाऱ्याला एक दिलासा ठेवलाय : जेवढे वर गेलात तेवढ्यापेक्षा जास्त कर घेणार नाही. म्हणजे पंचेचाळीस हजार, वर चार टक्के सेस. ४६,८००. इथवर ठीक. मग मुदत ठेवींचं व्याज आठवलं, अठरा हजार. साठच्या आतल्या माणसाचं व्याज पन्नास हजारांपर्यंत असेल तर बँक कापत नाही. म्हणजे तिसऱ्यानंही मला आपल्यापुरताच पाहिला. ते मिळवून पुन्हा मांडलं तर कर ६५,५२०. मी वजाबाकी दोनदा केली. अठरा हजार व्याजावर अठरा हजार सातशे वीस रुपये कर! दिलाशाच्या त्या पट्ट्यात तुम्ही सापडलात की पुढचा प्रत्येक रुपया सरकार जसाच्या तसा नेतं, आणि वर सेस. वर्षभर पैसे बँकेत झोपवून ठेवायचे आणि शेवटी पदरचे सातशे वीस घालून त्यांना उठवायचं. रात्री साडेअकरा वाजता मी एकटाच हसलो. बायकोनं आतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, ठेवीचं गणित.

तरी ऑफिसला लिहायला पुढचा रविवार उजाडला. काय लिहायचं याचीच लाज. तीन मसुदे केले, एकात तर ‘तांत्रिक कारणामुळे राहून गेले’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. ‘भरायचं राहिलं’ एवढंच लिहून १२ ब जोडला आणि व्याजाचा आकडाही दिला. पगाराखेरीजचं उत्पन्न सांगितलं तर ऑफिस त्यावरचाही कर कापू शकतं. सोमवारी पगार विभागातल्या मुलीचा फोन. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, आवाजात कसलाही ठपका नाही. “सर, बरं झालं आत्ता सांगितलंत. बरेच जण जूनमध्ये दोन फॉर्म सोळा घेऊन येतात. मग व्याजपण बसतं.” आगाऊ कराचे तीन हप्ते डिसेंबरपर्यंत होऊन गेलेले असतात, मी स्वतः चलन भरायला गेलो असतो तर त्यांच्या उशिराचं व्याज लागलं असतं. ऑफिसनं मार्चअखेरपर्यंत कापलं की ते टळतं. ती म्हणाली, जानेवारीचा पगार बंद झालाय, तेव्हा फेब्रुवारी आणि मार्चमध्ये निम्मं निम्मं कापू. चालेल? मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, खात्री आहे ना, कारण रक्कम मोठी आहे. असं कोणी आधी विचारलं की कापून घेणं किती सोपं जातं! अण्णांची ती सकाळ आठवली.

त्या आठवड्यात मी ॲपमधला ऑक्टोबरपासूनचा सगळा पगार खोडून पुन्हा टाकला. पूर्ण. मग त्याच्याखाली फंड, व्यवसाय कर, आणि आयकर म्हणून एक रिकामी ओळ, शून्य लिहिलेली. चार महिन्यांची चार शून्यं. एकेचाळीस टक्के बचत घसरून कुठे आली ते इथे लिहीत नाही. ॲपला हा प्रकार आवडला नाही. त्याच्या मते माझा खर्च अचानक वाढला होता आणि त्यानं मला बाहेरचं खाणं कमी करायचा सल्ला दिला. २०२६ च्या एप्रिलपासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा येणार होता, कमाईचं ‘मागचं वर्ष’ आणि करआकारणीचं ‘निर्धारण वर्ष’ ही घोळ घालणारी जोडगोळी जाऊन नुसतं ‘कर वर्ष’ राहणार होतं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नावं बदलून बेरीज बदलत नाही. पण ते जरा खट्टू झाल्यासारखे वाटले. १५ एचला आता काय म्हणणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

फेब्रुवारीचा पगार अठ्ठावीस तारखेला, शनिवारी जमा झाला. फोन वाजला तेव्हा मी बाजीराव रस्त्यावर सिग्नलला उभा होतो. ८५,१४०. आकडा ठाऊक होता, आधी मांडलेला होता, वहीत त्याला जागा होती. तरीही काळजात हललं. संध्याकाळी नेहमीसारखा अण्णांना फोन लावला. शहात्तर वर्षांचे झालेत, ऐकू कमी येतं, आई मधेमधे मोठ्यानं सांगते. इकडची तिकडची चौकशी झाली. मुलीची परीक्षा, आंब्याचा मोहोर, शेजारच्यांची म्हैस. मग त्यांना बहुतेक माझ्या आवाजात काही तरी लागलं.

“पगार झाला?”

“झाला.”

“हातात किती आले?” त्यांनीच विचारलं. मला गंमत वाटली. आयुष्यभर खिडकीतल्या ज्या प्रश्नावर ते चिडले, तोच.

मी सगळं सांगितलं. दोन नोकऱ्या, १२ ब, बारा लाखांची रेघ, दिलासा, ठेवीचं व्याज. पूर्ण एक लाख वीस, त्यातून कापले बत्तीस हजार सातशे साठ, फंडाचे अठराशे. पलीकडे बराच वेळ शांतता. पेन्सिलीचा आवाज आल्यासारखा वाटला. ते बहुधा वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज करत होते. मला वाटलं, आता १२ ब वरून ऐकावं लागणार.

“ताळा जमत नाही,” ते म्हणाले. “तीनशे कमी येतात.”

“व्यवसाय कराचे. फेब्रुवारी आहे ना.”

“हां,” ते म्हणाले. “ते कापले नव्हं? मग झालं.”